शतावरीचे बी वाफ्यात का अडले? शिरपूर तालुक्यातील एका घरगुती रोपवाटिकेचा प्रकरण अभ्यास

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, एका मध्यम शेतकरी कुटुंबाने आपल्या मुरमाड, उताराच्या तुकड्यासाठी शतावरीची निवड केली आणि रोपे विकत न आणता बियांपासून घरीच तयार करायचे ठरवले. पहिल्या हंगामात गादीवाफे जवळजवळ कोरे राहिले. दुसऱ्या हंगामात त्याच बांधावरच्या, त्याच वेलींच्या बियांपासून लागवडीला पुरून उरतील इतकी रोपे निघाली. बी तेच, माणसे तीच आणि विहिरीचे पाणीही तेच असताना हा फरक कशाने पडला, हे तपासणे हा या टिपणाचा विषय आहे. कुटुंबाचे नाव व गाव येथे दिलेले नाही. कुटुंबप्रमुखांना गावात सगळे जिभाऊ म्हणतात, म्हणून येथेही तसाच उल्लेख केला आहे.

या कुटुंबाची जमीन दोन प्रकारची आहे. नाल्याकाठची काळी, खोल जमीन कापसाखाली असते आणि डोंगराकडचा तुकडा हलका, दगडगोट्यांचा, पाऊस ओसरला की आठवडाभरात कोरडा पडणारा आहे. तालुक्याचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटरच्या आगेमागे, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये संपणारा. अशा तुकड्यात दरवर्षी ज्वारी-मटकी पेरून हाती फारसे काही लागत नव्हते. मात्र त्याच तुकड्याच्या बांधावर, बोरी-बाभळींच्या जाळीत, शतावरीच्या वेली कोणी न लावता वर्षानुवर्षे तग धरून होत्या. जे झुडूप बांधावर आपोआप टिकते ते शेतात का टिकू नये, हा जिभाऊंचा साधा तर्क होता आणि तो योग्यच होता.

शतावरी, म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस, हे काटेरी, आधार मिळेल तिकडे चढणारे बहुवर्षायू झुडूप आहे. तिची हिरवी, बारीक, सुईसारखी दिसणारी पाने ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाने नसून रूपांतरित फांद्या आहेत. खरी पाने खवल्याएवढी उरलेली असतात आणि खोडावरचे मागे वळलेले काटे हा त्यांचाच अवशेष असतो. या सुया दोन ते सहाच्या झुबक्यांनी येतात. पाण्याची वाफ कमीत कमी जाईल अशी ही रचना आणि जमिनीखाली झुपक्याने वाढणारी, पाणी व अन्न साठवणारी गुळगुळीत मांसल मुळे, या दोन्हींच्या बळावर ती खानदेशाचा उन्हाळा काढते. उन्हाळ्यात वेल वरून वाळलेला, मेल्यासारखा दिसतो आणि मृगाचा पाऊस पडताच खोडक्यापासून, म्हणजे मुळांच्या डोक्याशी असलेल्या गड्ड्यापासून, नवे कोंब फुटतात. ही सवय पुढे रोपवाटिकेतही महत्त्वाची ठरली. मुळांना आयुर्वेदात, विशेषतः बाळंतिणीच्या दुधासाठी, जुना मान आहे. त्यांतील सॅपोनिन वर्गाच्या (पाण्यात साबणासारखा फेस धरणाऱ्या) घटकांना शतावरिन हेच नाव मिळाले आहे.

पहिल्या प्रयत्नाआधीही एक प्रयत्न होऊन गेला होता. औषधी वनस्पतींचे बियाणे विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून थोडे बी मागवले गेले. पुडीवर तोडणीचे वर्ष नव्हते, बी काळपट-राखाडी व सुरकुतलेले होते, आणि त्यातून काहीच उगवले नाही. शतावरीच्या बियांची उगवणशक्ती साध्या साठवणीत लवकर घटते. ताजे, त्याच हंगामातले बी हीच पहिली अट. तेव्हा बांधावरच्या वेलींकडे लक्ष गेले ते चांगलेच झाले. शतावरीची फुले द्विलिंगी असतात, त्यामुळे भाजीच्या परदेशी ॲस्परॅगसप्रमाणे नर-मादी वेल शोधत बसावे लागत नाही. वयात आलेला प्रत्येक वेल फळ धरू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पांढऱ्या, बारीक, सुवासिक फुलांचे तुरे येतात आणि फळे पुढे हिवाळ्यात पिकत जातात.

बी गोळा झाले ते डिसेंबरात, कापसाची वेचणी चालू असताना, मजूर बांधावर असतील तेव्हा, जमेल तसे. बुलबुल व इतर पाखरे पिकली फळे ठेवत नाहीत, म्हणून घड ओरबाडून घेतले गेले. त्यांत लाल फळे थोडी आणि हिरवी-पिवळसर फळे पुष्कळ होती. सगळी फळे पत्र्यावर वाळवली, वाळलेल्या सालीसह चुरगाळली आणि संक्रांतीच्या आसपास काळ्या मातीच्या वाफ्यात बोटभर खोल ओळींनी पेरली. काळी माती कसदार म्हणून निवडली होती. पाणी सरीने सोडले गेले, वर माती सुकून पपडी धरली, तिला भेगा पडल्या, पुन्हा पाणी सोडले. तीन आठवडे उलटले तरी हिरवा ठिपका दिसेना. घरातल्या थोरल्या काकूंनी निकाल दिला, “जिभाऊ, हाई बी खोटं शे.” वाफ्याचे पाणी बंद झाले आणि माणसे गव्हाकडे वळली.

बी खोटे होते का, हे ठरवण्याचा मार्ग अगदी सोपा होता आणि तो सर्वांनीच वापरावा असा आहे. वाफ्यातले मूठभर बी उकरून, धुऊन, दाढीच्या पात्याने एकेक कापून पाहिले गेले. त्यांचे तीन प्रकार निघाले. काही बिया बाहेरून तांबूस-तपकिरी, चपट्या, आतून पोकळ किंवा कागदासारख्या होत्या. त्या कच्च्या फळांतल्या. काहींवर वाळलेल्या गराचे कवच तसेच चिकटलेले होते, त्यावर पांढरी-हिरवट बुरशी धरली होती आणि पाते लावताच आतला भाग पिठासारखा भुगा होऊन पडत होता. उरलेल्या बिया मात्र काळ्याभोर, टणक होत्या. पाते त्यांच्यावरून घसरत होते, आणि कापल्यावर आत शिंगासारखा कडक, दुधी-पांढरा गर व त्यात रुतलेला बारीक, सरळ गर्भ स्वच्छ दिसत होता. या बिया जिवंत होत्या, नुसत्या थांबल्या होत्या. सगळ्या बियांवर एकच शिक्का मारल्यामुळे हा तिसरा गट दुसऱ्यांच्या पापात गेला होता.

त्या का थांबल्या होत्या, याचे उत्तर पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्याने दिले. टाकीची तोटी गळत होती, त्यामुळे वाफ्याचे ते टोक ओले राहिले होते आणि तिथे गळतीच्या पाण्याबरोबर वाहून आलेली रेतीही साचली होती. होळी झाली, रात्रीची थंडी सरली आणि त्या कोपऱ्यात हिरवे दोरे वर आले. जिभाऊंच्या धाकट्या मुलाने ते गवत समजून उपटलेही. मुळाशी काळे बी लटकलेले पाहून तो थांबला. शिरपूर-चोपडा पट्ट्यात जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. शतावरीचे बी २५ ते ३० अंशांच्या उबेत चांगले हलते. थंड, गच्च, ओल्या काळ्या मातीत ते नुसते पडून राहते आणि त्या पडून राहण्यात दुबळे बी सडते. वाफ्याला पाणी देणे बंद केले नसते तर टणक बियांपैकी बऱ्याच होळीनंतर उगवल्या असत्या, असे मानायला कोपऱ्यातली रोपे पुरेसा आधार देतात.

येथे उगवणीच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण बहुतेकांचा धीर याच टप्प्यावर सुटतो. मूग किंवा भेंडीचे बी पाठीवर दाणा घेऊन वर येते आणि चार दिवसांत वाफा बोलू लागतो. शतावरीचे तसे नाही. तिचे एकमेव बीजदल जमिनीखाली बियातच राहते; आधी मूळ खाली उतरते, ते जम बसवते आणि मग कधीतरी एक बारीक, खवलेदार कोंब सुईच्या टोकासारखा वर येतो. म्हणजे वरून वाफा कोरा दिसत असताना खाली काम चालू असते, आणि एकाच दिवशी पेरलेल्या बिया एकाच दिवशी वर येत नाहीत. पहिला कोंब दोन-तीन आठवड्यांनी दिसला तर शेवटचा त्यानंतर महिनाभराने दिसू शकतो. ‘तीन आठवड्यांत न उगवल्यास वाफा मोडावा’ हा भाजीपाल्याचा नियम शतावरीला लावणे हेच या प्रकरणातले सर्वांत महागडे पाऊल होते.

दुसऱ्या हंगामात चार गोष्टी बदलल्या गेल्या, पण त्या चारही सारख्या मोलाच्या नव्हत्या. सर्वांत मोठा फरक फळे तोडण्याने व स्वच्छ करण्याने पडला, असे या टिपणाच्या लेखकाचे मत आहे. बांधावरच्या जोमदार वेलींवर आधीच चिंधी बांधून खूण केली. काही घडांवर जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचे तुकडे पिशवीसारखे बांधले, त्यामुळे पाखरांच्या धाकाने कच्ची फळे तोडण्याची घाई उरली नाही. फळ पूर्ण लाल होऊन मऊ पडले, काही काळपट झाले, तेव्हाच ते वेचले. एका वेलीवरचीही सगळी फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी फेरी झाली. वेचलेली फळे रात्रभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी गोणपाटावर राखेसह चोळली. राखेने चिकट गर सुटतो आणि बी हातातून निसटत नाही. मग बादलीत टाकून खळखळून ढवळले; गर, साली आणि पोकळ बी वर तरंगले ते ओतून दिले, तळाशी बसलेले ठेवले. धुतलेले बी उन्हात न टाकता ओटीवर सावलीत पसरून सुकवले आणि कापडी पिशवीत, कोरड्या जागी टांगून ठेवले. पहिल्या वर्षी जेवढ्या फळांतून टोपलीभर माल दिसत होता, तेवढ्यातून आता दोन-तीन ओंजळी बी उरले. घरातल्यांना ते नुकसान वाटले, पण वाफ्यात पडणारा प्रत्येक दाणा कामाचा होता.

दुसरा बदल वेळेचा. पेरणी गुढीपाडव्याच्या आसपास केली, जेव्हा रात्रीही उबदार असतात आणि मे महिन्याची होरपळ अजून दूर असते. जूनच्या पावसात थेट पेरणी करण्याची पद्धतही प्रचलित आहे. पण तेव्हा उगवलेले रोप त्याच पावसाळ्यात शेतात लावण्याजोगे होईलच याची खात्री नसते, आणि ज्याच्या लागवडीला पावसाखेरीज आधार नाही त्याला हा उशीर परवडत नाही. पेरणीपूर्वी बी एक दिवस एक रात्र कोमट पाण्यात भिजवले, मधे पाणी बदलले आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) चोळून लगेच पेरले. टणक आवरण मऊ व्हायला एवढे पुरते. जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या द्रावणात बी भिजवण्याचा सल्ला एका जाणत्या माणसाने दिला होता, आणि प्रयोगशाळेत त्याचा उपयोग दिसतोही. परंतु घरच्या वापरात द्रावण अचूक करणे अवघड, आणि ताज्या, पिकल्या बियांना त्याची गरज भासली नाही.

माध्यम व खोली हे उरलेले दोन बदल थोडक्यात सांगता येतील. काळी माती टाळून नाल्यातली रेती, चाळलेला पोयटा आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण घेतले, वाफा हात-दीड हात रुंद व वीतभर उंच केला, बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट एवढेच खोल टाकले आणि वर उसाच्या पाचटाचे पातळ आच्छादन दिले. वाफ्यावर शेडनेटऐवजी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, मांडव होता. पाणी झारीनेच, सकाळ-संध्याकाळ, चिखल होणार नाही इतपत. आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली तेव्हा पाचटाखाली कोंब दिसू लागले आणि मे संपेपर्यंत ते येतच राहिले. पाचट तेव्हाच हळूच काढून घ्यावे लागते, नाही तर कोंब पिवळे, लांबट होतात.

उगवण झाली म्हणजे काम झाले असे नाही. पहिला कोंब दोऱ्याइतका बारीक असतो. त्यावर आधी नुसते खवले, मग मऊ सुयांचे विरळ झुबके येतात, काटे जवळपास नसतातच. मेच्या उन्हात यांतले बरेच कोंब शेंड्याकडून वाळू लागले आणि घरात पुन्हा निराशा पसरली. वाळलेल्या कोंबांची काही रोपे मातीच्या गोळ्यासह उचलून पाण्यात धुऊन पाहिली तेव्हा खाली काडेपेटीच्या काडीएवढी, पांढरी, रसरशीत दोन-तीन मुळे आणि त्यांच्या डोक्याशी नवा, आधीपेक्षा जाड डोळा दिसला. शतावरीची वाढ अशीच होते: प्रत्येक नवा कोंब खोडक्यातून निघतो आणि आधीच्यापेक्षा जाड असतो, जुना पिवळा पडून जातो. वरचा हिरवेपणा पाहून रोप जिवंत की मेलेले हे ठरवता येत नाही. मूळ दाबून पाहावे, ते टणक असेल तर रोप जिवंत आहे. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे रोपवाटिकांतून किती चांगली रोपे उकिरड्यावर जात असतील, कोण जाणे. खरी मर झाली ती वाफ्याच्या एका कडेला, जिथे रोपे दाट होती आणि सांजेचे पाणी साचत होते. तिथे बुंध्याशी कुजून रोपे आडवी पडली. विरळणी करून पाणी सकाळपुरते ठेवल्यावर ती थांबली.

जूनमध्ये रोपे वाफ्यातून काढून पिशव्यांत लावली आणि पाऊस स्थिरावल्यावर, श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी, शेतात नेली. येथे जिभाऊंचा आणि त्यांच्या भावाचा वाद झाला. भावाचे म्हणणे, एवढ्या कष्टाची रोपे नाल्याकाठच्या काळ्या जमिनीतच लावावीत. मुळे पोसायला काळी जमीन चांगली हे खरे, पण त्या जमिनीत श्रावणात पाणी थांबते, आणि शतावरीच्या मांसल मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. शिवाय वाळलेल्या काळ्या मातीतून ती मुळे न तोडता खणून काढणे म्हणजे पहारीचे काम. शेवटी मुरमाड तुकड्यात नांगरट करून, शेणखत घालून, वरंब्यांवर लागवड झाली. दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर हे अंतर सर्वसाधारणपणे सांगितले जाते. येथे दोन वरंब्यांमध्ये थोडी जास्त जागा ठेवली, कारण दुसऱ्या वर्षी वेल काटेरी होऊन एकमेकांत गुंततात आणि निंदणीला बायका आत शिरायला तयार होत नाहीत. आधारासाठी तुराट्या रोवल्या. शेळ्या कोवळे कोंब खुडतात म्हणून पहिले वर्ष राखण लागली. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर हुमणी (मुळे खाणारी अळी) मुळांवर येते, हेही एका कोपऱ्यात दिसून आले.

बी-रोपांऐवजी जुन्या वेलींचे खोडके फोडून, डोळ्यांसह तुकडे लावण्याचा मार्गही खुला होता. तो जलद आहे, एक हंगाम वाचतो आणि आईसारखाच वेल मिळतो. बियांची रोपे मात्र एकसारखी निघत नाहीत, काही जोमदार तर काही किरटी राहतात. तरीही या कुटुंबाने बियांचाच मार्ग धरला हे योग्य झाले, असे नमूद करावेसे वाटते. खोडके लागणार ते आणायचे कुठून? बांधावरच्या वेली मोजक्या, आणि पुढचे पाऊल सातपुड्याच्या जंगलाकडे पडते. मुळांसाठी होणाऱ्या खोदाईने जंगलातली शतावरी आधीच मागे हटत चालली आहे. मुळासकट उपटलेला वेल पुन्हा येत नाही, फळे वेचलेला वेल पुढच्या वर्षी पुन्हा फळतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क पारंपरिक वननिवासींना दिला आहे, तो हक्क ज्या गावांकडे आहे त्यांच्या ग्रामसभेनेही मुळांऐवजी बियांचा विचार करावा आणि प्रत्येक वेलीवर निम्मी फळे पाखरांसाठी व जंगलासाठी सोडावीत.

राहिला विक्रीचा प्रश्न, आणि त्याबाबत या प्रकरणात उत्साहाला आवर घालणेच शहाणपणाचे ठरेल. सफेद मुसळी या औषधी पिकाच्या लाटेत बेण्याला सोन्याचे मोल देऊन नंतर माल घरात पडून राहिलेले शेतकरी खानदेशाला नवे नाहीत. शतावरीचे पीक हाती यायला दीड ते दोन वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. खोदाई, मुळे उकळत्या पाण्यात थोडी वाफवून साल काढणे, मधली शीर ओढून काढणे आणि वाळवणे, ही सगळी मजुरी आहे, आणि वाळल्यावर वजन इतके घटते की ओल्या ढिगावरून केलेला हिशेब फसतो. जिभाऊंनी म्हणूनच सगळा तुकडा न लावता अर्ध्यातच लागवड केली, उरलेल्यात मटकी कायम ठेवली, आणि ‘माल परत घेऊ’ असे तोंडी सांगून महागडी रोपे विकायला आलेल्या एका दलालाला परत पाठवले. घरची रोपे असल्यामुळे भाव पडला तरी डोक्यावर रोपांचे कर्ज नाही.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. जोमदार निघालेल्या बी-रोपांपैकी एक ओळ खोदाईसाठी न ठेवता बियांसाठी राखायची, म्हणजे बांधावरच्या वेलींवर पूर्ण भिस्त राहणार नाही. आणि पेरणीपूर्वी दर पिशवीतले थोडे बी पात्याने कापून पाहायचे, टणक व दुधी निघाले तरच वाफा करायचा. ते काम थोरल्या काकूंनी आपल्याकडे घेतले आहे.